अनाहित : मूर्ती गेली, नाव राहिले

मराठी कानाला 'अनाहित' हा शब्द प्रथमच ऐकू आला तर त्यात 'अहित' दडले आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः अर्थ अगदी निराळा आहे. प्राचीन इराणी भाषेतील हा शब्द 'निष्कलंक', 'निर्मळ' या अर्थाचा असून आर्मेनियातील असंख्य स्त्रियांचे ते नाव आहे. आपल्याकडे मुलीचे नाव निर्मला ठेवावे तितक्याच सहजपणे तिकडील आईबाप मुलीला अनाहित म्हणतात आणि तिला चर्चमध्ये नेऊन तिचा बाप्तिस्माही करवितात. या सहजपणात एक मोठी विसंगती आहे. ख्रिस्ती धर्माला राजधर्म म्हणून स्वीकारणारा जगातील पहिला देश आपण, असा आर्मेनियाचा सार्थ अभिमान आहे. परंपरा ही घटना इ. स. ३०१ सालची मानते. बरेच इतिहासकार ती दहाबारा वर्षे पुढे आणतात. त्या धर्मांतराच्या वेळी जी देवालये पाडली गेली, त्यांत सर्वांत प्रसिद्ध देवालय अनाहित देवीचे होते. जिची मूर्ती पूर्वजांनी फोडली तिचेच नाव वंशज आपल्या लेकींना ठेवतात, याचा उलगडा कसा करावयाचा?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. नावावरून माणसाचा धर्म, धर्मावरून त्याची निष्ठा आणि निष्ठेवरून त्याचा हक्क ठरविण्याची खोड जगात सर्वत्र आहे. शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, भाड्याच्या खोलीची चौकशी अशा साध्या व्यवहारांतही ती डोके वर काढते. अनाहित या एका नावाचा प्रवास नीट पाहिला तर या खोडीचा पाया किती कच्चा आहे हे ध्यानात येते.

सोन्याची देवी

अनाहिता ही मूळची इराणची जलदेवता. झरथुष्ट्री धर्मग्रंथांतील आबान यश्त हे स्तोत्र तिलाच उद्देशून आहे. नद्यांना पाणी, शेतांना समृद्धी आणि स्त्रियांना सुखरूप प्रसूती देणारी ती देवता. इराणचा सम्राट दुसरा अर्तक्षत्र (इ. स. पूर्व ४०४ ते ३५८) याच्या शिलालेखांत अहुर मज्द आणि मिथ्र यांच्या जोडीला तिचेही नाव येते. आर्मेनियावर कित्येक शतके इराणच्या राजसत्तेचा व संस्कृतीचा प्रभाव होता. त्या प्रभावाबरोबर देवताही डोंगर ओलांडून आल्या आणि आर्मेनियन उच्चाराच्या झाल्या. अहुर मज्दचा अरामज्द झाला, मिथ्राचा मिहर झाला आणि अनाहितेची अनाहित झाली.

परकी म्हणून आलेली ही देवी थोड्याच काळात घरची होऊन बसली. आर्मेनियन लोक हिची विशेष भक्ती करतात, अशी नोंद स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने करून ठेवली आहे. युफ्रेटिस नदीच्या वरच्या खोऱ्यात एरेझ येथे तिचे मुख्य देवालय होते. तो प्रदेश आज तुर्कस्तानातील एर्झिंजान प्रांतात मोडतो. तेथील देवीची मूर्ती भरीव सोन्याची होती असे रोमन लेखक प्लिनी सांगतो, आणि तिची एक मासलेवाईक कथाही नोंदवितो. अँटनीच्या पूर्वेकडील स्वारीत रोमन सैनिकांनी ही मूर्ती लुटली. पुढे सम्राट ऑगस्टस एका निवृत्त सैनिकाच्या घरी मेजवानीस गेला असता त्याने यजमानास विचारले, देवीवर पहिला हात टाकणारा मनुष्य आंधळा होऊन, लुळा पडून मेला म्हणतात, ते खरे काय? यजमानाने उत्तर दिले की, तो मनुष्य आपणच, आपली सारी मालमत्ता त्या लुटीतून आलेली, आणि महाराज या क्षणी देवीच्या पायावरच जेवत आहेत!

कथेतील अतिशयोक्ती बाजूस ठेवली तरी एक गोष्ट उरते. देवालय हे त्या काळी श्रद्धास्थान होते तसेच ते संपत्तीचे कोठारही होते. सोने, जमीन, गुरे आणि माणसे देवीच्या नावावर असत. धर्मांतराच्या इतिहासाकडे पाहताना ही आर्थिक बाजू विसरली तर अर्धीच हकीकत हाती लागते.

हार घालण्यास नकार

आर्मेनियाच्या धर्मांतराची पारंपरिक कथा अगाथांगेलोस या नावाने प्रसिद्ध असलेल्या इतिहासग्रंथात आली आहे. तिची सुरुवातच अनाहितपासून होते. राजा त्रदात याने एरेझच्या देवालयात पूजा केली आणि आपल्या सेवेतील ग्रिगोर यास देवीपुढे हार व हिरव्या डहाळ्या अर्पण करण्याची आज्ञा केली. ग्रिगोर गुप्तपणे ख्रिस्ती होता. त्याने नकार दिला. राजाच्या दृष्टीने हा देवीचा अपमान होता तसाच तो राज्याचाही होता. कारण देश जगतो तो अनाहितच्या कृपेने, अशी त्याची धारणा होती. ग्रिगोरचे अनन्वित हाल करण्यात आले आणि अखेर त्याला खोर विराप येथील खोल भुयारात टाकून देण्यात आले. तेथे तो तेरा वर्षे जिवंत राहिला असे परंपरा सांगते. पुढे राजा असाध्य व्याधीने ग्रासला, ग्रिगोरला बाहेर काढावे लागले, त्याने राजास बरे केले आणि राजा ख्रिस्ती झाला.

मग चक्र उलटे फिरले. ज्या देवीपुढे फुले वाहण्यास नकार दिल्याबद्दल एका माणसाला भुयारात टाकले होते, त्याच माणसाच्या नेतृत्वाखाली तिची मंदिरे पाडली गेली. एरेझची सोन्याची मूर्ती फोडण्यात आली आणि देवालयांची संपत्ती चर्चकडे वळविण्यात आली. यात श्रद्धेचा भाग किती आणि सत्तेच्या फेरमांडणीचा किती, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. छळ सोसणाऱ्याबद्दल सहानुभूती वाटावी आणि पुढच्याच प्रकरणात तोच देवळे पाडताना दिसावा, हा अनुभव धर्माच्या इतिहासात नवा नाही.

परंतु या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट कोणी फोडली नाही, ती म्हणजे भाषा. स्वतः राजाचे नाव पाहावे. 'त्रदात' म्हणजे तीर या देवतेने दिलेला. देवळे पाडविणाऱ्या या राजाने ते नाव टाकले नाही, आणि आर्मेनियन चर्चने त्याला संत म्हणून गौरविले ते त्याच जुन्या नावाने. पुढे इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स याने आर्मेनियन लिपी सिद्ध केली. ती घडविण्यामागे बायबल व धर्मग्रंथ स्वभाषेत आणण्याचा हेतू होता. त्याच लिपीत ख्रिस्ती विद्वानांनी आपल्या धर्मविजयाचा इतिहास लिहिला आणि तो लिहिताना पराभूत देवीचे नाव, तिची स्थाने, तिच्याविषयी लोकांना वाटणारा आदर हे सारे त्यात उतरले. अनाहितचे देऊळ ज्यांनी पाडले त्यांच्याच वारसांच्या पोथ्यांनी अनाहितचे नाव जपून ठेवले.

विणकर राजाची राणी

पोथीतील नाव घराघरांत खेळू लागण्यासाठी मात्र दुसरी जागृती व्हावी लागली. एकोणिसाव्या शतकात ऑटोमन आणि रशियन साम्राज्यांत विभागल्या गेलेल्या आर्मेनियन समाजात शाळा, वृत्तपत्रे आणि नवे वाङ्मय यांची लाट आली. तिच्याबरोबर प्राचीन नावांना नवे आयुष्य मिळाले. गाझारोस अघायान या शिक्षक-लेखकाने १८८१ साली लिहिलेली 'अनाहित' ही कथा या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या कथेतील अनाहित देवी नाही. ती खेड्यातील एका मेंढपाळाची बुद्धिमान मुलगी आहे. राजपुत्र वाचागान तिला मागणी घालतो, तेव्हा ती विचारते, याला हुन्नर कोणते येते? राजपुत्राला हुन्नर कशाला, या प्रश्नाला तिचे उत्तर असे की, आजचा राजा उद्या चाकर होऊ शकतो. ज्याच्या हाती कसब नाही त्याच्याशी आपण लग्न करणार नाही. राजपुत्र जरीकाम विणावयास शिकतो आणि मगच लग्न होते. पुढे तो वेष पालटून फिरत असता दुष्टांच्या बंदिवासात सापडतो. तेथे विणलेल्या वस्त्रात तो आपला निरोप गुंफतो, राणी अनाहित तो वाचते आणि सैन्य घेऊन त्याची सुटका करते.

आर्मेनियन मुले पिढ्यान्पिढ्या ही कथा ऐकत आली. त्यामुळे आज कोणी मुलीचे नाव अनाहित ठेवते तेव्हा त्याच्या मनात एरेझची सुवर्णमूर्ती असतेच असे नाही. शहाणी, कष्टाची किंमत जाणणारी, संकटात न डगमगणारी स्त्री असते. एकाच नावात जलदेवता, राष्ट्रमाता आणि मेंढपाळाची लेक अशा तिघी नांदतात. वर्गात तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे नाव ह्रिप्सिमे असू शकते. आणि ह्रिप्सिमे तर त्रदात राजाने ख्रिस्ती होण्यापूर्वी जिला मारविले अशी परंपरा सांगते ती कुमारिका, चर्चची संत. देवी आणि हुतात्मा एका बाकावर बसतात, आणि त्यांच्यात वैर नसते.

दोन आक्षेप

यावर श्रद्धाळू माणसाचा आक्षेप असा येईल की, ही निव्वळ विसंगती आहे. धर्म सोडला तर त्याची नावेही सोडावयास हवीत. हा आक्षेप तर्काला धरून दिसतो, पण अनुभवाला धरून नाही. ख्रिस्ती संतांत डिमिट्रियस आहे, त्याचे नाव डिमीटर या ग्रीक धान्यदेवतेवरून आले. इसिडोर आहे, तो मिसरच्या इसिस देवीचे दान. मार्टिन आहे, त्याच्या नावात रोमन युद्धदेव मार्स आहे. या नावांमुळे त्यांचे संतपण उणे झाले असे चर्चने कधी मानले नाही. माणूस धर्म बदलतो तेव्हा आजी-आजोबा बदलत नाही, आणि नावे बहुधा आजी-आजोबांकडून येतात.

आर्मेनियाच्याच इतिहासात याहून मोठा दाखला आहे. इ. स. ४५१ साली इराणच्या सासानी सम्राटाने झरथुष्ट्री धर्माची सक्ती केली तेव्हा आर्मेनियन सैन्य अवारायरच्या मैदानात उभे राहिले. लढाईत त्यांचा सेनापती पडला, पण प्रतिकार थांबला नाही. अखेर ४८४ च्या न्वार्साक तहाने त्यांना आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्या सेनापतीचे नाव वार्दान. हेही नाव मूळचे इराणी. धर्मासाठी इराणशी प्राणपणाने लढणाऱ्या या लोकांनी वार्दान, तिग्रान, खोस्रोव, सुरेन ही इराणी वळणाची नावे शत्रूची म्हणून फेकून दिली नाहीत. त्यांचा विरोध सक्तीला होता, शब्दांना नव्हता.

देवतेच्या नावांचा हा गोतावळा भारतापर्यंत पोहोचतो. आर्मेनियात २०२२ साली निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष वाहाग्न खाचातुर्यान यांचे नाव ज्या प्राचीन देवावरून आले, तो वाहाग्न म्हणजे अवेस्तातील वेरेथ्रघ्न. फारसीत त्याचाच बेहराम झाला, आणि संस्कृतात इंद्राला दिलेले 'वृत्रहन्' हे विशेषण त्याच कुळातले. मुंबईत क्रॉस मैदानाच्या कडेला भिखाजी बेहरामजी पांडे यांनी १७२५ साली बांधलेली विहीर आहे. आवां महिन्यातील आवां रोजाला पारशी कुटुंबे तेथे जलदेवतेच्या प्रार्थनेसाठी गर्दी करतात. ती जलदेवता म्हणजेच अनाहिता. एका देशात जिची पूजा थांबून सतराशे वर्षे होत आली पण नाव घरोघर आहे, तिचीच पूजा दुसऱ्या देशात अखंड चालू आहे. याच धाग्याचे आणखी एक टोक पुण्यात सापडते. सासानी काळातील 'मादिगान-इ हजार दादिस्तान' या कायदेग्रंथाच्या एकमेव उपलब्ध हस्तलिखिताचा एक भाग जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९०१ साली पुण्यात छापून घेतला. त्याच ग्रंथाची रशियन भाषांतरासह चिकित्सक आवृत्ती १९७३ साली येरेवान येथे निघाली. ती सिद्ध करणाऱ्या आर्मेनियन विदुषीचे नाव अनाहित पेरिखान्यान!

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. नावात काय आहे, ती एक खूणचिठ्ठी. तिच्यावर इतका विचार कशाला? या आक्षेपाला १९१५ साल उत्तर देते. त्या वर्षापासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा जो संहार झाला त्यात लक्षावधी माणसे मारली गेली, आणि अनेक मुली व मुले आईबापांपासून तोडून मुस्लिम घरांत वाढविली गेली. जिवंत राहण्याची पहिली अट बहुधा नाव बदलणे ही असे. तुर्की वकील फेतिये चेतिन यांनी २००४ साली आपल्या आजीवर पुस्तक लिहिले. जन्मभर जिला सेहेर म्हणून ओळखले ती आजी मूळची हेरानुश नावाची आर्मेनियन मुलगी होती, मृत्युयात्रेच्या वाटेवर आईच्या हातून हिसकावून घेतलेली, हे नातीला फार उशिरा कळले. त्या पुस्तकानंतर तुर्कस्तानात अनेकांनी आपापल्या आजीचे खरे नाव शोधण्यास सुरुवात केली. नाव ही नुसती खूणचिठ्ठी असती तर ती काढून घेण्याचा इतका खटाटोप कोणी केला नसता, आणि साठसत्तर वर्षे ते मनात दडवून ठेवण्याचे दुःखही कोणी भोगले नसते.

येथे फरक स्पष्ट होतो. चौथ्या शतकातील धर्मांतराने मूर्ती फोडली, तथापि लोकांच्या तोंडची नावे हिसकावून घेतली नाहीत. म्हणून जुने आणि नवे यांचा सांधा पुढे जुळू शकला. विसाव्या शतकातील हिंसेने लहान मुलींची नावेदेखील सोडली नाहीत. म्हणून ती जखम शंभर वर्षांनंतरही ओली आहे.

उसना मुखवटा

अर्थात नावाच्या प्रेमालाही एक पथ्य हवे. तुर्कस्तानातील सादाक, म्हणजे प्राचीन साताला, येथे १८७२ साली एका स्त्रीमूर्तीचे काशाचे मस्तक सापडले. पुढच्याच वर्षी ते ब्रिटिश म्युझियमकडे गेले. हे मस्तक अनाहितचेच, असे आर्मेनियन जनमत ठामपणे मानते. देश स्वतंत्र झाल्यावर निघालेल्या ५००० द्रामच्या नोटेवर ते छापलेही गेले. २०१२ साली ते परत मिळावे म्हणून येरेवानमध्ये निदर्शने झाली. संग्रहालय मात्र ती मूर्ती ग्रीक अफ्रोदितेची असेल किंवा अनाहितची असेल, असे दोन्ही पर्याय देते. मूर्तीची घडण ग्रीक वळणाची आहे हे डोळ्यांना दिसतेच. ते मस्तक आपलेच असावे ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण इच्छा हा पुरावा नव्हे. ज्या नावाने इतक्या संस्कृतींना जोडले, त्याचा उपयोग एका राष्ट्राचा मालकीहक्क शाबीत करण्यापुरता करणे हे त्या नावाला लहान करणे होय.

२०२४ साली हे मस्तक काही महिन्यांसाठी उसने म्हणून येरेवानच्या इतिहास संग्रहालयात आले. प्रदर्शनाचा विषय होता अनाहितपासून मेरीपर्यंतची मातृदेवता. सतराशे वर्षांपूर्वी जे दोन पक्ष एकमेकांचे वैरी होते, त्यांना एका छपराखाली मांडण्याची समज त्या समाजाने दाखविली. तशी समज एका दिवसात येत नाही. मुलींना अनाहित आणि मरियम अशी दोन्ही नावे ठेवणाऱ्या घरांनी ती आधीच तयार करून ठेवलेली असते.

कायद्यात मालकीचा एक आधार दीर्घ उपभोग हा मानतात. अनाहित हे नाव आर्मेनियनांनी इराणकडून घेतले, त्या अर्थी तेही उसनेच. परंतु ते त्यांनी पोथीत सांभाळले, कथेत घडविले, लेकींना दिले, आणि या वापरानेच ते त्यांचे झाले. याच न्यायाने मुंबईच्या पारशी घरातील अनाहिताही तितकीच आपल्या नावाची धनीण आहे. एकीच्या हक्काने दुसरीचा हक्क कमी होत नाही. नावाच्या संपत्तीचे हेच वैशिष्ट्य आहे की ती वाटल्याने घटत नाही.

हजेरी घेणाऱ्या शिक्षकाने, अर्ज तपासणाऱ्या कारकुनाने आणि शेजारच्या बाकावरील मुलाचे नाव प्रथमच ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे आहे. समोरच्या नावावरून त्या माणसाच्या देवघरात कोणता देव आहे हे कळत नाही, आणि ते कळण्याची गरजही नसते. नाव नीट ऐकावे, नीट उच्चारावे, आणि लिहिताना त्यातली एक मात्राही चुकू देऊ नये.